स्त्रीवादी थेरपिस्ट शोधताना या चुका टाळा

रोज रात्री झोपण्याआधी नवऱ्याबद्दलच्या पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या, हा मला मिळालेला पहिला सल्ला. काउन्सेलर बाईच होत्या, बोलायला प्रेमळ. सहा आठवडे मी इमानेइतबारे लिहिलं. पाचवी गोष्ट सुचली नाही की ‘वेळेवर घरी आले’ असं लिहून वही मिटायचे. माझा पगार ज्या खात्यात जमा होतो त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, हे त्या सहा आठवड्यांत त्यांनी विचारलं नाही. मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. घरोघरी तसंच असतं, असं धरून चालले होते.

म्हणून पहिली चूक हीच सांगते: बाई थेरपिस्ट म्हणजे स्त्रीवादी थेरपिस्ट, असं समजणं. स्त्रीवादी थेरपिस्ट म्हणजे बाईचा त्रास फक्त तिच्या स्वभावात न शोधता घर, पैसा, समाज यांच्यासकट पाहणारी. १९७० साली अमेरिकेत इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं, की मानसिकदृष्ट्या निरोगी पुरुष कसा, निरोगी स्त्री कशी आणि नुसता निरोगी प्रौढ माणूस कसा असतो? निरोगी माणसाचं वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळलं. निरोगी स्त्री मात्र जास्त नमतं घेणारी, कमी स्वतंत्र, लवकर हळवी होणारी निघाली. त्या ७९ जणांत ३३ स्त्रिया होत्या आणि त्यांची उत्तरं पुरुषांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. म्हणजे बाई नमली तरच ती निरोगी, आणि नमली म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. ‘थोडं अ‍ॅडजस्ट करा, घर टिकवायचंय ना’ हे वाक्य नाशिकच्या कितीतरी क्लिनिकांत आजही उपचार म्हणून सांगितलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

स्त्रीवादी थेरपी त्याच सुमारास, स्त्रियांच्या चळवळीतल्या छोट्या गटांमधून उभी राहिली. एकत्र बसून बोलताना बायकांच्या लक्षात आलं, की जे प्रत्येकीला आपलं खासगी दुखणं वाटत होतं ते शेजारणीचंही आहे. तेव्हा दोष एकेकीच्या स्वभावात कसा असेल?

माझ्या दुसऱ्या थेरपिस्टने पहिल्याच सेशनला कोरा कागद दिला आणि उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहायला सांगितला. सिडकोत आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तिथून सुरुवात केली. डबे तीन. सातपूरला कामावर पोहोचायचं साडेआठला. संध्याकाळी सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा अभ्यास, सगळ्यांची जेवणं, मग माझं ताट, ओटा, उद्याची भाजी निवडणं. कागद भरल्यावर तिने विचारलं, “यात तुम्ही स्वतः ठरवलेली गोष्ट कोणती?” मी पेन घेऊन खालपासून वरपर्यंत शोधत गेले. मी आले होते छातीत धडधड होते आणि झोप लागत नाही म्हणून. ती लक्षणं तिने हलकी मानली नाहीत, पण त्यांच्याकडे त्या कागदासकट पाहिलं.

दुसरी चूक म्हणजे पाटी शोधत बसणं. गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत फिरलात तरी ‘स्त्रीवादी’ असं लिहिलेली पाटी दिसेल अशी आशा धरू नका. पाटी असली तरी तिच्यावर भागत नाही. फोनवर विचारा, आधी दहा मिनिटं बोलता येईल का म्हणून. मी आता मैत्रिणींना हे प्रश्न देते: घरातल्या पैशांबद्दल आणि निर्णयांबद्दल तुम्ही विचारता का? बाईला लग्नात राहायचं नसेल, किंवा राहायचंच असेल, तर तुमचं काम काय? जातीमुळे वाट्याला आलेल्या अपमानाबद्दल इथे बोलता येईल का? माझ्याबद्दल काय लिहून ठेवता, ते मला पाहता येईल का? उत्तरापेक्षा सूर ऐका. ‘असे प्रश्न का विचारता’ म्हणून जो चिडतो, त्याच्यापुढे बंद खोलीत तुम्ही काय बोलणार? आणि जी फोनवरच ‘सोडून द्या त्याला’ म्हणते, तिच्याकडेही जाऊ नका. सासूच्या जागी थेरपिस्टने हुकूम सोडायचा, ही स्त्रीवादी थेरपी नव्हे. निर्णय तुमचा, हा तिचा पायाच आहे. पुरुष थेरपिस्टही अशी थेरपी करू शकतो आणि पुरुषही ती घेऊ शकतात. ‘मर्दाने रडायचं नसतं’ याखाली दबलेले थोडे नाहीत.

शिक्षण विचारायला लाजू नका. आपल्याकडे काउन्सेलर हा शब्द कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो क्रमांक मागा. गोळ्या देणारा मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. विचार कितीही पटले तरी प्रशिक्षण नसेल तर उपयोग नाही. आणि गोळ्या चालू असतील तर ‘माझा त्रास समाजामुळे आहे’ असं म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतं. त्रासामागे शरीराचंही कारण असू शकतं, म्हणून थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आता सगळ्यात धोक्याची चूक. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर ‘दोघं मिळून या’ या सल्ल्याला लगेच हो म्हणू नका. सेशनमध्ये खरं बोललात तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. जाणकार थेरपिस्ट आधी तुम्हाला एकटीला भेटते आणि सुरक्षित आहात का हे विचारते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. माझ्या एटीएम कार्डाकडे मी त्या नजरेने पहिल्यांदा पाहिलं ते हे कळल्यावर. कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन आणि थेरपी यांतही गल्लत करू नका. तिथे तडजोड होते का, हे पाहण्याचं काम असतं. तातडीची मदत हवी असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

‘डॉक्टरकडे गेलीस तर वेडी ठरवतील’ ही भीती तर मी सातपूर-अंबडच्या बायकांकडून सतत ऐकते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की समाजाची नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यं न पाळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. सासरी पटत नाही, एवढ्यावर कुणी तुम्हाला आजारी ठरवू शकत नाही. गोपनीयतेचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तरी नाशिक तसं लहानच, वेटिंगमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटतंच. पुण्या-मुंबईची थेरपिस्ट ऑनलाइन घेतलीत तर बसणार कुठे, ते आधी ठरवा. माझी एक मैत्रीण पार्किंगमधल्या गाडीत काचा वर करून बोलते. फी ज्या खात्यातून जाते त्याचे मेसेज कोणाच्या फोनवर येतात, तेही पाहा. आणि तुमची बोली समजणारी निवडा. ‘जीव नुसता टांगणीला लागलाय’ याचा अर्थ समजावत बसावं लागलं, तर अर्धा तास त्यातच जातो. पैशांची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतही चालतो.

शेवटचं, एखादं सेशन खटकलं तर गुपचूप जाणं बंद करू नका. पुढच्या वेळी तेच बोला. माझ्या थेरपिस्टने एकदा ‘कार्ड मागून घ्या’ असं पटकन म्हटलं आणि मला वाटलं, हिला आमचं घर कळलेलंच नाही. पुढच्या आठवड्यात धीर करून तसं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मी घाई केली. मागितलंत तर घरी काय होईल, ते आधी सांगा.” तो पूर्ण तास आम्ही त्यावरच बोललो. कार्ड मागायला मला त्यानंतर चार महिने लागले.