वनस्पतीच्या अर्काची जंतुरोधक क्षमता तपासताना: पानापासून एमआयसीपर्यंत

जिवाणू पेरलेल्या आगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या माध्यमात, पाडलेल्या भोकात अर्क घातला, दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, पट्टी लावून १८ मिलिमीटर लिहिले आणि प्रकल्प संपला. एमएस्सीच्या कितीतरी प्रबंधिका इथेच थांबतात. पण ‘झोन आला’, म्हणजे ते स्वच्छ वर्तुळ दिसले, याचा अर्थ अर्कातले काहीतरी आगरमधून पसरले आणि त्याने वाढ रोखली, एवढाच. ते किती ताकदीचे आहे हे झोनवरून ठरत नाही. त्यासाठी एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा काढावी लागते. एमआयसीचा आकडा विश्वासार्ह हवा असेल तर काळजी झाडापासूनच घ्यावी लागते.

झाड आणि वाळवण

बाजारातल्या नावावर विसंबू नका. ‘ब्राह्मी’ म्हणून बाकोपा मोन्निएरीही मिळते आणि सेन्टेला एशियाटिकाही, म्हणजे मंडूकपर्णी. कडुलिंबाच्या जागी बकाण लिंबाचा पाला येतो. फुलाफळासह नमुना दाबून वाळवा, हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला, नोंद केलेला नमुना) करा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे मोठे हर्बेरियम आहेत. शीटचा क्रमांक, गोळा केल्याची तारीख, गाव आणि झाडाची अवस्था वहीत लिहा. एकाच झाडाच्या पानातले संयुगांचे प्रमाण ऋतूनुसार बदलते, त्यामुळे पुढच्या वर्षी निकाल जुळला नाही तर पहिली शंका इथे घ्यायची.

पाने धुवून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. ओव्हन वापरायचा असेल तर ४० अंशांच्या आत. सुगंधी वनस्पतींना तेवढीही उष्णता जास्त होते, कारण तेल उडून जाते. वाळवण पुरी झाली नाही तर भुकटीवरच बुरशी येते आणि अर्कात तिची संयुगे उतरतात. पान मुठीत चुरल्यावर कुरकुरीत मोडले पाहिजे.

लसणाचा नियम वेगळा आहे. अखंड पाकळीत अ‍ॅलिसिन नसते. पाकळी ठेचली की अ‍ॅलिनेज हे विकर अ‍ॅलिइनवर काम करते आणि अ‍ॅलिसिन तयार होते. म्हणून लसूण वाळवू नका, उकळू नका. ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवा, थंड निर्जंतुक पाण्यात मिसळून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. ताजा रस आणि उकळलेला रस शेजारीशेजारी तपासले तर फरक लगेच दिसतो.

अर्क काढणे

५० ग्रॅम भुकटीला ५०० मिलिलिटर द्रावक, म्हणजे १:१०. झाकणबंद फ्लास्कमध्ये ४८ ते ७२ तास शेकरवर ठेवा, आधी मलमलीतून आणि मग व्हॉटमन क्रमांक १ कागदातून गाळा. द्रावक एकापाठोपाठ एक वापरणे उत्तम: आधी हेक्झेन, मग इथाइल अ‍ॅसिटेट, शेवटी मेथॅनॉल. मेण आणि तेलकट भाग हेक्झेनमध्ये निघून जातो, आणि क्रिया कोणत्या गटात आहे याचा अंदाज पहिल्याच फेरीत येतो. गाळलेला द्रव रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा आणि नंतर वजन स्थिर होईपर्यंत कोरडा करा. द्रावकाचा अंश राहिला तर तुम्ही मेथॅनॉलची जंतुनाशकता मोजत बसाल. ५० ग्रॅममधून ४ ग्रॅम अर्क निघाला तर उतारा ८ टक्के. हा आकडा नोंदवाच, नाहीतर प्रयोग पुन्हा कोणालाच करता येत नाही.

कोरडा अर्क घट्ट बुचाच्या गडद बाटलीत ४ अंशांवर ठेवा. चाचणीसाठी १०० मिलिग्रॅम अर्क डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवून आकारमान १ मिलिलिटर करा. हा झाला १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा. निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्ह करू नका. गाळणी वापरायची तर डीएमएसओ सोसणारी, नायलॉन किंवा पीटीएफईची, ०.२२ मायक्रॉनची घ्या. सेल्युलोज नायट्रेटची चकती डीएमएसओमध्ये विरघळते आणि तिचे घटक अर्कात येतात.

आणखी एक तपासणी फार थोडे लोक करतात: पाण्यातल्या अर्काचा पीएच. आमसूल, चिंच, लिंबू, आवळा यांचे अर्क इतके आंबट असतात की नुसत्या आम्लानेही झोन येतो. अर्क पीएच ७ वर आणून पुन्हा तपासा, आणि सोबत त्याच मूळ पीएचचे सायट्रिक आम्ल कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवा. मूळ अर्काचा आणि आम्लाचा झोन सारखा आला तर ती क्रिया आंबटपणाची आहे.

झोन: चाळणी म्हणून ठीक

म्युलर हिंटन आगर लिटरला ३८ ग्रॅम, ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे थर ४ मिलिमीटरचा होतो. थर पातळ झाला की झोन फुगतो, जाड झाला की आक्रसतो. जिवाणूंचे निलंबन ०.५ मॅकफारलंडइतके (मॅकफारलंड हे गढूळपणाचे मानक) गढूळ करा. हे मानक घरीच बनते: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड डायहायड्रेटचे ०.५ मिलिलिटर आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचे ९९.५ मिलिलिटर. ६२५ नॅनोमीटरवर त्याचा ओडी (प्रकाश किती अडतो त्याचे माप) ०.०८ ते ०.१३ असायला हवा, आणि तेवढ्या गढूळपणाला मिलिलिटरमध्ये साधारण १० ते २० कोटी पेशी असतात. स्वॅब तीन दिशांनी फिरवा आणि १५ मिनिटांच्या आत पुढचे काम उरका.

कॉर्क बोअररने ६ मिलिमीटरची भोके पाडा. तळाशी वितळलेल्या आगरचा एक थेंब सोडून भोक सीलबंद करा, नाहीतर अर्क आगरखाली सरकतो आणि झोन वेडावाकडा येतो. प्रत्येक भोकात ५० मायक्रोलिटर. अर्कात जेवढा डीएमएसओ तेवढाच एका भोकात नुसता घाला. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या १० मायक्रोग्रॅम चकतीभोवती १९ ते २६ मिलिमीटरचा झोन अपेक्षित आहे. तो त्या मर्यादेत नसेल तर माध्यम, थर किंवा इनॉक्युलम (पेरलेले जिवाणू) चुकले आहे, आणि त्या दिवशीचे अर्काचे आकडेही बाद धरायचे.

आता मुख्य अडचण. हळदीतले करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून आगरमध्ये ते भोकाच्या काठाशीच अडकून बसते. मोठे टॅनिन रेणूही फार सरकत नाहीत. उलट एखादा लहान, पाण्यात सहज विरघळणारा पण दुबळा पदार्थ लांबवर पसरून मोठा झोन देतो. म्हणून दोन वेगळ्या वनस्पतींच्या झोनची तुलना करून ‘अ हा ब पेक्षा प्रभावी’ असे लिहिणे चूक आहे. जेंटामायसिनच्या झोनशी अर्काची टक्केवारी काढणे तर त्याहून चूक, कारण चकतीत १० मायक्रोग्रॅम शुद्ध औषध असते आणि भोकात पाच हजार मायक्रोग्रॅम कच्चा अर्क.

एमआयसी: इथे वेळ द्या

९६ खळग्यांची, निर्जंतुक, सपाट किंवा गोल तळाची प्लेट घ्या. ९८० मायक्रोलिटर म्युलर हिंटन ब्रॉथमध्ये (आगर नसलेल्या द्रव माध्यमात) साठ्यातले २० मायक्रोलिटर घाला. हे झाले २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, २ टक्के डीएमएसओसह. पहिल्या खळग्यात याचे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत साधा ब्रॉथ १०० मायक्रोलिटर. पहिल्यातून १०० उचलून दुसऱ्यात, चारपाच वेळा वरखाली ओढून मिसळा, मग दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे दहाव्यापर्यंत. दहाव्यातले शेवटचे १०० टाकून द्या. दर पायरीला टिप बदला. एकाच टिपने गेलात तर तिच्या भिंतीला चिकटलेला तेलकट अर्क पुढे पुढे जातो आणि एमआयसी खोटी, कमी दिसते.

०.५ मॅकफारलंडचे निलंबन ब्रॉथमध्ये शंभरपट विरळ करा आणि प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर घाला. अंतिम संख्या मिलिलिटरला सुमारे ५ लाख पेशी, पहिल्या खळग्यात अर्क १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसऱ्यात ५००, मग २५०, १२५, ६२.५ असे उतरत जाते. डीएमएसओ पहिल्या खळग्यात १ टक्का राहतो. त्याहून वर नेऊ नका, कारण मग द्रावकच वाढ दाबू लागतो. इनॉक्युलममधले १० मायक्रोलिटर विरळ करून प्लेटवर टाका आणि वसाहती मोजा. पेशी दहापट जास्त पडल्या तर एमआयसी वर सरकते.

अकराव्या खळग्यात ब्रॉथ, जिवाणू आणि १ टक्का डीएमएसओ. बाराव्यात नुसता ब्रॉथ. एका ओळीत प्रतिजैविक. आणि एका ओळीत अर्काची तीच मालिका, पण जिवाणूंशिवाय. ही शेवटची ओळ जागा वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि सगळ्यात जास्त फसगत त्यामुळेच होते. साठा ब्रॉथमध्ये पडताच पुष्कळ अर्क दुधाळ होतात. तो गढूळपणा वाढीसारखा दिसतो. हळदीचा अर्क तर पिवळ्या रंगाने ओडीचे वाचनच बिघडवतो.

प्लेट पॅराफिल्मने बंद करून ओलसर डब्यात ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. डबा कोरडा असेल तर कडेच्या खळग्यांतले पाणी उडते आणि तिथली मात्रा आपोआप वाढते. नंतर ०.०१५ टक्के रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याचे ३० मायक्रोलिटर प्रत्येक खळग्यात घाला, अंधारात दोन ते चार तास ठेवा. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर जिवाणू जिवंत आहेत. निळ्या खळग्यांतली सर्वांत कमी मात्रा ही एमआयसी. पण पॉलिफेनॉल भरपूर असलेले अर्क, जसे हिरडा किंवा डाळिंबाची साल, रेझाझुरिनला स्वतःच गुलाबी करू शकतात. जिवाणू नसलेली ओळ गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका. खळग्यातले १० मायक्रोलिटर ताज्या आगरवर टाकून वाढ पाहा. तसेही ते करायचेच आहे, कारण ९९.९ टक्के पेशी मारणारी मात्रा, म्हणजे एमबीसी, त्यातूनच मिळते. एमबीसी ही एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर अर्क जिवाणू मारतो असे म्हणता येते. त्यापुढे तो फक्त वाढ थोपवतो.

आकडा वाचताना हात सैल सोडू नका. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आली तर पुढे काम करण्यासारखे आहे. १००० च्या वर गेली तर आमच्या मते ती वनस्पती सोडून द्यावी. स्टॅफिलोकोकस ऑरियसवर चालणारा अर्क ई. कोलायवर किंवा स्युडोमोनासवर निष्प्रभ ठरणे नेहमीचे आहे. हे दोन्ही ग्राम-ऋण, म्हणजे बाहेर आणखी एक पटल असलेल्या गटातले जिवाणू आहेत. ते पटल पाणी टाळणाऱ्या रेणूंना अडवते, आणि जे आत शिरतात त्यांना पंप बाहेर फेकतात.

लवंग, ओवा, दालचिनी यांची तेले याच पद्धतीने तपासता येतात, पण दोन बदल करून. तेल ब्रॉथवर तरंगते, म्हणून ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के आगर मिसळा. तेलाचे थेंब त्यात अडकून राहतात. दुसरे, वाफ शेजारच्या खळग्यात जाते. ओव्याच्या थायमॉलची मालिका आणि वाढीचा कंट्रोल एकाच प्लेटवर लागून असतील तर कंट्रोलची वाढही मंदावते. तेलांना वेगळी प्लेट द्या.

बुरशीसाठी

कॅन्डिडासारख्या यीस्टला वरचीच पद्धत, योग्य माध्यम घेऊन. तंतुमय बुरशीला, उदाहरणार्थ आंब्यावरच्या करप्याच्या कोलेटोट्रायकमला, ‘पॉयझन्ड फूड’ पद्धत सोयीची, म्हणजे माध्यमातच अर्क मिसळायचा. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज आगर) लिटरला ३९ ग्रॅम. ५९.४ मिलिलिटर वितळलेला पीडीए ४५ ते ५० अंशांपर्यंत निववा, त्यात साठ्यातले ०.६ मिलिलिटर घालून नीट फिरवा आणि तीन प्लेट ओता. अर्काची मात्रा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होते. कंट्रोलमध्ये ०.६ मिलिलिटर डीएमएसओ. माध्यम जास्त गरम असताना घातलेले तेल वाफ होऊन जाते.

सात दिवसांच्या वाढीच्या कडेवरून ५ मिलिमीटरची चकती कापा आणि तंतूंची बाजू खाली करून प्लेटच्या मध्यावर ठेवा. मधली वाढ जुनी असते, म्हणून कडेचीच घ्या. २५ ते २८ अंशांवर ठेवून कंट्रोलची प्लेट भरत आली की दोन काटकोनी व्यास मोजा. समजा कंट्रोल ८२ मिलिमीटर आणि अर्काची प्लेट ३७. दोन्हींतून चकतीचे ५ वजा करा: ७७ आणि ३२. रोध ४५ भागिले ७७, म्हणजे ५८.४ टक्के. चकती वजा केली नाही तर हाच आकडा ५४.९ येतो. पूर्ण रोध दिसला तर चकती उचलून साध्या पीडीएवर ठेवा. आठवड्यात वाढली तर बुरशी मेली नव्हती, थांबली होती.

अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस वापरत असाल तर प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर उघडू नका. बीजाणू हवेत पसरतात, आणि काही वाण अफ्लाटॉक्सिन हे विष बनवतात.

नोंदी

एका प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे एकच प्रयोग. तीन वेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवर, ताज्या इनॉक्युलमने केलेला तो तीनदा. एमआयसीची सरासरी आणि प्रमाण विचलन लिहू नका. मात्रा दुपटीने बदलतात, म्हणून मध्यक किंवा भूमितीय सरासरी द्या. दोन दिवसांत एका पायरीचा फरक, म्हणजे १२५ ऐवजी २५०, हा पद्धतीचाच फरक आहे. दोन पायऱ्यांचा आला तर इनॉक्युलमची मोजणी उघडून पाहा. कल्चर ओळखीच्या संग्रहातून घ्या, चंदिगडचा एमटीसीसी किंवा पुण्याचा एनसीआयएम, आणि वाण क्रमांक लिहा.

काम संपल्यावर प्लेट, टिप, स्वॅब सगळे ऑटोक्लेव्हच्या पिशवीत भरून १२१ अंशांवर किमान ३० मिनिटे. भरगच्च पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचत नाही, म्हणून ती दोनतृतीयांशच भरा आणि तोंड सैल ठेवा.