बाईकवरून पडलात? मग निदान या चुका तरी टाळा

पहिला पाऊस पडला की आमच्या रायडिंग ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो. "स्लिप झालो रे, पण ऑल ओके, हेल्मेटला थोडा स्क्रॅच फक्त." जागा तेवढी बदलते. कधी मानपाड्याच्या सर्व्हिस रोडचे पेव्हर ब्लॉक, कधी मेट्रोच्या कामाजवळ टाकलेली लोखंडी प्लेट, कधी महापेला डंपरमधून सांडलेली खडी. पडला म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही, ठाण्यात घोडबंदर रोडला रोज गाडी चालवणारा कधीतरी पडणारच. डोकं फिरतं ते पडल्यानंतरच्या घाईमुळे. उठला, कपडे झटकले, स्टार्टर मारला, ऑफिस गाठलं, आणि मग महिनाभराने मला फोन करून विचारतो की दादा हे असं का होतंय.

सगळ्यात आधी हेल्मेट, कारण यावर माझं सगळ्यात जास्त वेळा भांडण झालंय.

बाहेरच्या कवचाला आलेला ओरखडा बघून "काही नाही झालं" म्हणणाऱ्यांनी एकदा गालाचे पॅड आणि आतलं कापड काढून बघा. त्याच्या मागे थर्माकोल असतो, ईपीएस म्हणतात त्याला, नवीन टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा पण जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो दबतो, आणि दबताना धक्का खातो, त्याचं काम तेवढंच. एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणजे पुढच्या वेळी डोकं त्याच जागेवर आपटलं तर तिथे धक्का खायला काही शिल्लकच नसतं, बाहेरून हेल्मेट कितीही चकाचक दिसू दे.

आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा, ठाणे-बेलापूर रोडने रोज तुर्भ्याला जायचा, रबाळेजवळ रिक्षाने कट मारला आणि हा डाव्या बाजूला आडवा, डोकं थेट डिव्हायडरला. हेल्मेट चांगलं होतं, आयएसआय मार्कवालं, पट्टा नीट लावलेला, त्यामुळे पोरगा स्वतःच्या पायाने घरी आला. इथपर्यंत सगळं बरोबर. मग याने काय केलं, तर ओरखड्यावर स्टिकर लावला आणि हेल्मेट मावसभावाला देऊन टाकलं, "तो काय, कॉलनीतल्या कॉलनीत चालवतो." मला कळलं तेव्हा मी ते मागवून घेतलं, आतलं कापड काढलं, तर डाव्या कानाच्या वर थर्माकोलला अंगठा बसेल एवढा खड्डा आणि तिथून निघालेली बारीक चीर. त्याच्या समोर कात्री घेतली आणि पट्टा कापला. त्याची आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, चार हजाराचं हेल्मेट वाया घालवलं म्हणून. चालेल मला.

तर आमच्याकडची पद्धत हीच आहे: हेल्मेट डोक्यावर असताना आपटलं की ते संपलं, पट्टा कापायचा, वर मार्करने "बाद" लिहायचं आणि मगच कचऱ्यात टाकायचं, नाहीतर कुणीतरी उचलून वापरतो. खड्डा दिसलाच पाहिजे असं नाही, थर्माकोल दबलेला कित्येकदा डोळ्याला कळतही नाही. रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर एवढं घाबरू नका, आत डोक्याचं वजन नसतं, आतून बघा आणि वापरा. पण आरशावर हेल्मेट अडकवायची सवय मात्र सोडा, आरशाच्या टोकाने आतला थर्माकोल रोज थोडा थोडा दबतो. आणि मागे बसणाऱ्याला अर्धं हेल्मेट देणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

दुसरी माझी आवडती चूक मनगटाची.

माणूस पडताना हात पुढे टाकतो, ते थांबवता येत नाही. हात रस्त्यावर टेकतो, तळवा तिथेच अडकतो, अंग पुढे जातं आणि मनगट मागे मुरगळतं. यात अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉईड नावाचं छोटंसं हाड मोडतं, आणि हे हाड महालबाड आहे, पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्या ऑफिसमधला एक जण पाम बीचला नेरूळच्या सिग्नलला असाच पडला, ग्लोव्हज डिकीत. डिकीत! उकडतं म्हणून. एक्स-रे क्लीन आला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट काढू नका आणि दहा-बारा दिवसांनी परत एक्स-रे काढायला या. साहेबांनी तिसऱ्या दिवशी स्प्लिंट काढला कारण टायपिंग जमत नव्हतं, दुखलं की स्प्रे मारायचा, वर जिमला पण गेला. परत एक्स-रेला गेलाच नाही. पुढे थ्रॉटल पिळताना कळ यायला लागली, दार ढकलताना यायला लागली, शेवटी एमआरआय केला तेव्हा कळलं की हाड मोडलेलं होतं आणि जुळलेलंच नाही. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूने, बोटांकडून मागे येतो, त्यामुळे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो आणि वेळेत आवळून ठेवला नाही तर जुळत नाही. मग ऑपरेशन, स्क्रू, सुट्ट्या, फिजिओ. ग्लोव्हज तेवढ्या वेळेपुरते घातले असते तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, पण तळव्याला कडक प्लास्टिकचा स्लायडर असलेले ग्लोव्हज असले की हात रस्त्यावर अडकायच्या ऐवजी घसरतो आणि मनगटावरचा जोर कमी होतो, त्यासाठीच तो तुकडा तिथे शिवलेला असतो.

घरी बघायचं असेल तर अंगठा वर ताणा, मनगटापाशी दोन शिरांच्या मध्ये खळगा पडतो, तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. तिथे दुखलं तर एक्स-रे क्लीन असला तरी हाड मोडलंय असंच धरून चालायचं आणि हाडाच्या डॉक्टरकडे परत जायचं. स्प्रे मारून ऑफिस नाही.

आता जॅकेट. दोन साईझ मोठं जॅकेट घेणारे भरपूर, "आत रेनलायनर घालता येतो", "पोट सुटलं तरी चालेल". मग पडल्यावर कोपर सोललेलं आणि कोपराचं पॅड जागेवरून सरकून हाताच्या मधोमध. पॅडवर लेव्हल २ लिहिलेलं असतं, म्हणजे टेस्टमध्ये आरपार जाणारा जोर सरासरी २० किलोन्यूटनच्या आत, लेव्हल १ ला ३५ पर्यंत चालतो. फरक मोठा आहे, पण पॅड हाडावर नसेल तर लेव्हल कुठलीही असू दे. दुकानात आरशासमोर उभं राहून घेऊ नका, बाईकवर बसा, हँडल धरा आणि मित्राला बाही जोरात ओढायला सांगा. पॅड कोपरावरून हललं तर एक साईझ खाली. ठाण्याच्या मे महिन्यात मेश, म्हणजे जाळीदार जॅकेट, घाला, मला काही अडचण नाही, घरी टांगलेल्या भारी जॅकेटपेक्षा अंगावरचं मेश बरं. साध्या जीन्सला मात्र गिअर, म्हणजे रायडिंगचे सुरक्षेचे कपडे, म्हणू नका, रस्त्यावर तिचा गुडघा क्षणात फाटतो.

पडल्यावर माझी एक सवय आहे, ग्रुपमधल्या सगळ्यांना करायला लावतो. घरी आलं की गिअर काढून जमिनीवर माणूस झोपल्यासारखं मांडायचं आणि ट्यूबलाईटखाली बघायचं. उजव्या खांद्याला घासलंय? मग उजवी कॉलरबोन दाबून बघा. हिपवर डाग? तिथे उद्या निळं होणार आहे. हेल्मेटवर अशी खूण आहे जी आपटल्याचं तुम्हाला आठवतच नाही? मग गाडीची किल्ली घरच्यांकडे द्या आणि डॉक्टर गाठा. सुरुवातीला अंगात अॅड्रेनलिन असतं, ते दुखणं दाबून ठेवतं, शरीर खोटं बोलतं, घासलेलं कापड बोलत नाही.

बाकी पटापट सांगतो.

खरचटलेल्या जागी हळद, टूथपेस्ट, कॉफी नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, खडी निघालीच पाहिजे, राहिली तर कातडीखाली काळा डाग कायमचा. वर न चिकटणारं ड्रेसिंग, उघडी ठेवून खपली धरू देणं ही जुनी समजूत आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर घ्या.

डोकं आपटलं असेल तर पहिला दिवस एकटं राहू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणं, उठवता न येणारी झोप यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले तरी.

हँडल पोटात घुसलं असेल आणि नंतर पोट किंवा डावा खांदा दुखायला लागला तर "मुरगळलं असेल" म्हणू नका, प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फाटली की दुखणं खांद्यात येतं.

पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढायला धावणारी गर्दी, तिला आधी थांबवा. शुद्धीत असेल आणि मान दुखत नसेल तर तो स्वतः काढेल. नाहीतर व्हायजर उघडा, मान हलवू नका, १०८ ला फोन करा. श्वासच चालत नसेल तेव्हाच काढायचं, एकाने मान धरून दुसऱ्याने. पाणी पाजू नका. आणि पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

राहिली गाडी. आडवी पडलेली बाईक उचलल्या उचलल्या स्टार्टर मारत बसू नका. पेट्रोल गळतंय का, इंजिनचं ऑईल गळतंय का, पुढचा ब्रेक लिव्हर अख्खा आहे का, पाठचा ब्रेक पेडल आत वाकून इंजिनला टेकलाय का, एवढं बघा. नवीन गाड्यांत टिल्ट सेन्सर असतो, इंजिन स्वतःहून बंद होतं, किल्ली बंद करून परत चालू केली की बहुतेक वेळा सुरू होते, त्यासाठी बॅटरी उतरवायची गरज नाही.

फोटो काढा, आणि क्लेम करायचा असेल तर गाडी खोलायच्या आधी इन्शुरन्सला कळवा. पण आरसा आणि लिव्हर एवढंच गेलं असेल तर आधी हिशोब करा, एका क्लेममध्ये नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो आणि पाच वर्षं सांभाळलेला असेल तर तो ओन डॅमेज प्रीमियमच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्याच्या, ५० टक्के असतो.

हँडल वाकडं झालं की नाक्यावरचा मेकॅनिक पुढचं चाक गुडघ्यांत धरतो, एक झटका देतो आणि "झालं साहेब" म्हणतो. कधी कधी खरंच झालेलं असतं, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन नळ्या, नुसता टी मध्ये, त्या नळ्या धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये, फिरलेला असतो. पण बोल्ट ढिले करून, सरळ करून परत आवळलेत का ते विचारा, आणि टी च्या खाली फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, फुगवटा किंवा सुरकुती लागली तर नळी वाकलीये, ती झटक्याने सरळ होत नाही. अशी गाडी गायमुखच्या उतारावर कंटेनरच्या शेजारून चालवत आणू नका. छोटा हत्ती बोलवा, भाड्यावरून घासाघीस करा, आणि गाडी त्यात टाकून घरी न्या.