घरगुती हिंसेचा सरकारी डेटा पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

प्रबंधाला ‘मुंबईतील कौटुंबिक हिंसा’ हा विषय घेणार असाल, तर सिनॉप्सिस देण्याआधी हे ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मुंबई शहर किंवा उपनगर जिल्ह्याचा हिंसेचा आकडा नाही. तिच्या जिल्हा पत्रकात १०४ निर्देशक आहेत, राज्य पत्रकात १३१, आणि हिंसेचे निर्देशक फक्त राज्याच्या पत्रकात आहेत. कारण हे प्रश्न १५ टक्के घरांतच विचारले गेले, आणि तेही एका घरात एकाच बाईला. डेटात जिल्ह्याचा कोड दिसतो म्हणून मोह होतो. गाइड म्हणाले ‘काढून तर बघ’, तरी काढू नका. एका जिल्ह्यात इतक्या थोड्या बायका उरतात की तो टक्का भरवशाचा राहत नाही. विषय महाराष्ट्राचा करा, हवं तर शहरी-ग्रामीण फरक पाहा.

आता खरा खड्डा. यात बहुतेकांचे दोन-तीन महिने जातात, आणि चूक झाल्याचं कळतही नाही. बायकांच्या फाइलमध्ये ७,२४,११५ ओळी आहेत. हिंसेचे रकाने त्यातल्या बहुतेक ओळींत रिकामे आहेत, कारण त्या बायकांना प्रश्न विचारलाच नव्हता. घाईत कोणी रिकाम्या जागी शून्य भरतं, म्हणजे न विचारलेल्या प्रत्येक बाईचं उत्तर ‘नाही’ धरलं जातं. पतीकडून हिंसा सोसलेल्यांचा देशाचा २९.३ टक्क्यांचा आकडा मग एक आकडी होतो. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, तक्ता सुबक छापून देतं.

म्हणून पहिली ओळ हीच लिहायची: व्ही०४४ या रकान्यात १ असलेल्या, म्हणजे निवडलेल्या आणि मुलाखत पूर्ण झालेल्या बायकाच ठेवा. दुसरी गोष्ट वेटची, म्हणजे प्रत्येक उत्तराला द्यायच्या वजनाची. नेहमीचा वेटचा रकाना व्ही००५ इथे चालत नाही. घरात चार बायका असतील तर प्रत्येकीची निवडीची शक्यता पावच असते, ती भरपाई डी००५ या हिंसेच्या वेटमध्ये आहे. त्याला दहा लाखांनी भागा. तिसरी गोष्ट कोडची. डी१०५ मालिकेत, म्हणजे पतीकडून झालेल्या हिंसेच्या रकान्यांत, ० म्हणजे नाही, १ वारंवार, २ कधीकधी आणि ३ म्हणजे घडलंय, पण गेल्या बारा महिन्यांत नाही. ‘कधी तरी’ची हिंसा मोजताना ३ सुटला तर ज्यांचा छळ आता थांबलाय त्या सगळ्या गळतात.

स्वतःचं विश्लेषण सुरू करण्याआधी २९.३ जुळवून बघा: कधीही विवाहित, वय १८ ते ४९, पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा. मानसिक हिंसा धरली की आकडा ३२ च्या आसपास जातो, त्यामुळे व्याख्या कोणती घेतली ते तक्त्याखाली लिहाच. पहिल्या झटक्यात जुळणार नाही. घाबरू नका, कोणाचंच जुळत नाही, आठवडाभर बसलात की जुळतं. फक्त सिनिअरची तयार डू-फाइल (स्टाटा सॉफ्टवेअरच्या आज्ञांची फाइल) घेऊ नका. तिच्यात कोणत्या ओळी गाळल्यात हे सिनिअरलाही आठवत नसतं. त्यापेक्षा मूळ प्रश्नावली छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा.

एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे हे दुसरंच प्रकरण आहे, ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, त्यामुळे हुंडाबळीच्या केसमधलं ४९८अ (पती-सासरच्यांच्या छळाचं जुनं कलम) वेगळं दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून ४९८अच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं, तेव्हा वर्षांची मालिका जोडताना सांभाळा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज थेट मॅजिस्ट्रेटकडे जातात, ते एनसीआरबीच्या अहवालात शोधू नका. आणि केसेस वाढल्या म्हणून हिंसा वाढली असं कृपा करून लिहू नका. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के कोणाकडे तरी मदत मागतात, पोलिसांपर्यंत तर त्याहून कमी पोचतात. चौकीत महिला कक्ष सुरू झाला तरी नोंदी वाढतात.

डेटा कसा गोळा होतो ते एकदा डोळ्यांनी बघा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, दार उघडं, सासू उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. हिंसेचे प्रश्न सुरू असताना कोणीही आत आलं तर तिथल्या तिथे विषय बदलायचा, मुलांच्या लसीकरणाचं विचारायचं. ती व्यक्ती गेल्यावरच पुढचा प्रश्न. एकांत मिळालाच नाही तर हा भाग न विचारता तसं नोंदवायचं. व्ही०४४ मध्ये जिथे २ दिसतो, ती हीच एकांत न मिळालेली बाई.