कापडी डायपर गळतोय, वास येतोय? धुताना या चुका टाळा

बाळाला कापडी डायपर घालायचे असं ठरवून हौसेनं वीस-बावीस नग आणले जातात आणि थोड्याच दिवसांत ते कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. कारणं ठरलेली असतात. गळतात, धुतले तरी वास येतो, बाळाला पुरळ आलं. दोष कापडाला दिला जातो. पण कापड बहुतेक वेळा चांगलं असतं, त्याच्या धाग्यांत काहीतरी अडकून राहिलेलं असतं. कधी शू, कधी साबण, कधी मालिशचं तेल, तर कधी नुसती ओल. म्हणून तक्रार कुठलीही असो, नवे डायपर मागवण्याआधी कापडात काय उरलंय ते तपासा. हातानं धुणाऱ्यांच्या घरात याचं उत्तर जवळजवळ नेहमीच मोरीत सापडतं.

इथे दोन्ही प्रकारांबद्दल बोलते आहे. एक, जुन्या धोतराचे किंवा मऊ सुती साडीचे त्रिकोणी लंगोट. दुसरा, बाजारात मिळणारा पॉकेट डायपर, म्हणजे बाहेरून पीयूएलचं (पातळ पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाचं) कव्हर आणि त्याच्या आतल्या खिशात घालायचा, शोषून घेणारा इन्सर्ट. दोन्हींचं धुणं बरंचसं सारखं आहे, पण काही बाबतींत अगदी उलट आहे.

आणल्या दिवशीच वापरायला काढणं

नव्या सुती, बांबूच्या किंवा हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या रोपाच्या धाग्याच्या) कापडावर धाग्याचा नैसर्गिक मेणासारखा अंश आणि कारखान्यातली खळ असते. असं कापड पाणी पीत नाही, शू त्याच्यावरून घरंगळून मांडीशी येते. नवे इन्सर्ट रात्रभर पाण्यात भिजवा, मग कोमट पाण्यात डिटर्जंटनं धुऊन पूर्ण वाळवा, आणि हे चार-पाच वेळा करा. दर धुण्यागणिक कापड जास्त पाणी धरायला लागतं. हेम्पला याहूनही जास्त धुणी लागतात. कव्हर आणि मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड) एकदा धुतलं की पुरतं.

जुन्या धोतराचा लंगोट पहिल्या दिवसापासून छान काम देतो, कारण तो आधीच शेकडो वेळा धुतलेला असतो. आजी नवं कापड फाडू देत नाही, त्यामागे हेच कारण आहे. तिचं ऐका.

मायक्रोफायबरचा इन्सर्ट बाळाच्या त्वचेला थेट लावू नका. तो त्वचेतला ओलावाही ओढून घेतो आणि ती कोरडी, खरखरीत होते. तो खिशातच राहू द्या.

ओले डायपर झाकणाच्या बादलीत साठवणं

शूमध्ये युरिया असतो. शीमधले आणि कापडावरचे जिवाणू त्याचा अमोनिया करतात. डोळ्यांना झोंबणारा तो सकाळचा वास याचाच. बंद, उबदार, ओली जागा मिळाली की ही क्रिया जोरात चालते. अमोनियामुळे त्वचेवरचा आम्लपणा घटतो, शीमधली पाचक द्रव्यं जास्त तीव्र होतात आणि त्यातून लाली येते. म्हणजे वास आणि पुरळ या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

शूचा डायपर काढल्याबरोबर नळाखाली धरा, दोन-तीनदा दाबून पाणी काढा आणि जाळीच्या टोपलीत मोकळा टाका. पाण्यात बुडवून ठेवायची गरज नाही. रोज धुवा. फार तर एक दिवस आड. त्यापुढे नको.

बुडवून न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते वासापेक्षा कितीतरी मोठं आहे. रांगणारं किंवा धरून उभं राहणारं मूल बादलीत डोकावतं, तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. भिजवलेली बादली असेल तेव्हा मोरीचं दार बंदच हवं, आणि काम झालं की बादली रिकामी करून पालथी घालायची.

शीच्या डायपरवर आधी गरम पाणी ओतणं

जंतू मरतील म्हणून हे केलं जातं. पण गरम पाण्यानं शीतली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि पिवळा डाग कायमचा होतो. पहिलं पाणी नेहमी थंड.

फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की ती घट्ट होते. मग ती आधी संडासात पाडा आणि जेटच्या फवाऱ्यानं उरलेली काढा. डायपरवर जुन्या मऊ सुती कापडाचा एक तुकडा पसरून ठेवला तर तो उचलून झटकता येतो, खालचं फारसं भरत नाही.

'तान्ह्याच्या शीत काय असतंय' असं म्हणत ती अंगणात किंवा उघड्या गटारात टाकणं बंद व्हायला हवं. तान्ह्या बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. शिवाय सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसची तोंडावाटे लस दिली की त्यातला विषाणू काही दिवस शीवाटे बाहेर पडतो. निरोगी घरात त्याचा त्रास होत नाही. पण घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हात साबणानं धुण्यात जराही ढिलाई नको.

साबणाची वडी, आणि सढळ हात

सगळ्यात जास्त डायपर इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगते.

बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. मराठवाडा-विदर्भातल्या घरांना हे सांगायला नको, तिथल्या नळाच्या तोट्यांवर पांढरे थर दिसतात. अशा पाण्यात साबणाची वडी घासली की साबण आणि कॅल्शियम मिळून एक चिकट, न विरघळणारी साय तयार होते आणि ती कापडावर बसते. नेहमीच्या कपड्यांवर ती फारशी जाणवत नाही. डायपरच्या बाबतीत मात्र कापडाला मेणाचा लेप दिल्यासारखं होतं: पाणी आत जात नाही आणि आतला वास बाहेर निघत नाही.

म्हणून जड पाण्याच्या गावात वडी बाजूला ठेवा आणि साधी डिटर्जंट पावडर वापरा. मध्यम बादलीला पोह्याचा एक चमचा पावडर पुरते. पाणी फारच जड असेल तर त्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा घाला, त्यानं पाणी मऊ होतं. खायचा सोडा नव्हे. धुण्याच्या सोड्यानं हात सोलवटतात, तेव्हा रबरी हातमोजे घाला.

बाळाच्या काळजीनं दुप्पट पावडर टाकली जाते. ती निघायला दुप्पट पाणी लागतं, आणि तेवढं पाणी कुणी वापरत नाही. उलट टोकाला, केमिकल नको म्हणून नुसत्या पाण्यानं किंवा रिठ्यानं धुणारी घरंही आहेत. रिठा रेशमाला, लोकरीला चांगला. रात्रभरच्या शूला तो पुरा पडत नाही आणि महिन्याभरात वास येऊ लागतो.

कापडात काही उरलंय का, हे बघायला दोन गोष्टी करा. धुऊन वाळलेल्या इन्सर्टवर पाण्याचा थेंब टाका. लगेच जिरला तर ठीक. मोत्यासारखा तसाच बसला तर साबण किंवा तेल साचलंय. दुसरं, धुतलेला इन्सर्ट स्वच्छ गरम पाण्यात घालून दाबा. फेस आला तर खळबळणं कमी पडलंय.

यावर उपायही सोपा आहे. सहन होईल तितक्या गरम पाण्यात, काहीही न टाकता, इन्सर्ट खळबळा. पाणी बदला आणि फेस थांबेपर्यंत हेच करा. तेल साचलं असेल तर आधी एकदा पावडरीनं धुवून घ्या. तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलानं मालिश होणाऱ्या घरांत हे अधूनमधून करावंच लागतं.

कपडे मऊ करणारं सुगंधी कंडिशनर, नीळ, स्टार्च, यांपैकी काहीही डायपरला लावू नका. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकायची सवयही मोडा. त्यानं मळ निघत नाही, आणि तो कापडात राहून बाळाच्या त्वचेला लागतो.

मग धुवायचं कसं?

थंड पाण्यानं शी-शू काढून झाली की बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या. पावडर आधी त्यात पूर्ण विरघळू द्या, मग डायपर टाका. इन्सर्ट खिशातून बाहेर काढलेला असावा. न काढता धुणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. अर्धा तास भिजू द्या. नंतर इन्सर्ट दाबून, चोळून धुवा. सुती लंगोट दगडावर धोपटला तरी हरकत नाही. कव्हर मात्र धोपटायचं नाही, ब्रशनं घासायचं नाही आणि पीळ देऊन पिळायचंही नाही. पीयूएलचा थर सुटतो, इलॅस्टिक सैल होतं. ते दोन तळहातांत दाबून पाणी काढा आणि निथळायला टांगा. मग तीन पाण्यांत खळबळा. तिसऱ्यातही फेस दिसला तर चौथं घ्या.

ब्लीच कव्हरला लावू नका. निव्वळ सुती, इलॅस्टिक नसलेला लंगोट अधूनमधून उकळत्या पाण्यात घालता येतो. ही त्याची मोठी सोय आहे, आणि जंतुसंसर्गाचं पुरळ येऊन गेल्यावर ती फार उपयोगी पडते.

ओलसर डायपर घडी करून ठेवणं

इन्सर्ट आणि लंगोट कडक उन्हात वाळवा. शीचा पिवळेपणा ओल्या कापडाला ऊन दिलं की आपोआप फिका पडतो, त्यासाठी काही लावावं लागत नाही. कव्हर सावलीत वाळवा, रोजच्या तीव्र उन्हानं इलॅस्टिक लवकर जातं.

खरी परीक्षा पावसाळ्यात, आणि त्यातही कोकणात. जाड बांबूचा इन्सर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास धरतो. जून ते सप्टेंबर पातळ लंगोटांवर भर द्या. चार पदरी घडी घातली तर शोषण तितकंच, आणि उलगडून टांगला की पंख्याखाली वाळतो. आत सुती लंगोटाची घडी आणि वरून कव्हर, अशी जोडी उत्तम चालते. शेवटचा दमटपणा इस्त्रीनं काढा, पण इस्त्री फक्त सुती कापडाला.

बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर लंगोट वाळवणं मात्र पूर्ण थांबवा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानं जीव जातो. आगीचा धोका वेगळाच.

घालतानाच्या चुका

धुणं बरोबर असूनही गळत असेल तर मांडीकडे बघा. इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे. आतल्या कापडाचं टोक कव्हरबाहेर डोकावत असेल तर तेवढ्यातूनही शू झिरपून दुपटं भिजतं. कमरेशी दोन बोटं जातील इतपत सैल ठेवा. नाळ गळून पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा.

मायक्रोफायबर शू पटकन पितो, पण कडेवर घेतल्यावर दाबला गेला की सोडतो. त्याच्याखाली सुती किंवा हेम्पचा दुसरा पदर घाला. मुलगा असेल तर जाडी पुढे, मुलगी असेल तर मध्ये आणि मागे. दिवसा दोन-तीन तासांनी बदलाच. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा बदल लागतात, त्यामुळे सहा-आठ नगांत भागवायचा हिशेब पहिल्या आठवड्यातच कोलमडतो.

पुरळ आलं की अंदाजानं औषध लावणं

उघड्या, डायपरला घासणाऱ्या भागावर लाली आणि घड्यांत मात्र त्वचा बरी, असं असेल तर ते बहुधा ओलेपणाचं पुरळ. बदल वाढवा, बाळाला मेणकापडावर सुती दुपटं घालून थोडा वेळ उघडं ठेवा. जांघेच्या घड्याच लालबुंद असतील आणि कडेनं बारीक लाल ठिपके असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, फोड किंवा पू दिसला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. घरातलं उरलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नका. पावडरही उडवू नका, ती बाळाच्या श्वासात जाते. झिंक ऑक्साइडचं मलम लावलं तर मध्ये कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर ते इन्सर्टवर बसतं आणि तिथे पाणी जिरत नाही.

सगळं बाळंतिणीवर टाकणं

ही चूक धुण्याच्या यादीत कुणी लिहीत नाही, पण कापडी डायपर बंद पडण्याचं हे फार मोठं कारण आहे. टाके ओले असताना, रात्रीची झोप नसताना, उकिडवं बसून बादलीभर कापड पिळणं हे तिचं काम नव्हे. बाबांनी, घरातल्या इतरांनी ते उचलावं. ते जमत नसेल तर प्रवासात आणि रात्री एकदा वापरून टाकायचा विकतचा डायपर वापरा. वापरलेला मात्र कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून द्या. घट्ट गुंडाळून द्यायला घनकचरा नियमही सांगतात, आणि तो हाताळणाऱ्या सफाई कामगारांचा विचार करूनही ते करायलाच हवं.

दुसऱ्या बाळासाठी ठेवताना डांबरगोळ्या घालणं

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2008 मध्ये कापडी आणि वापरून टाकायच्या डायपरची तुलना केली, तेव्हा कापडाचा फायदा धुण्याच्या पद्धतीवर ठरतो असं दिसलं. दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर तो बराच वाढतो. तेव्हा ते जरूर जपून ठेवा. कडकडीत वाळवा, बटणं आणि वेल्क्रो मोकळे ठेवा, प्लास्टिकऐवजी सुती पिशवीत बांधा. त्यात डांबरगोळी नको. काही बाळांत जन्मतःच जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळीतलं नॅप्थालीन लागलेल्या कपड्यांमुळे अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. कुणी दिलेल्या जुन्या लंगोटांना डांबरगोळीचा वास येत असेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत धुऊन उन्हात ठेवा, आणि गेला नाही तर ते फरशी पुसायला काढा.