गाडी बाहेर, बॅटरी घरात

पार्किंगमध्ये प्लग नाही आणि बाईक महिनाभर उभी राहणार? खिडकीतून वायर सोडण्याची कसरत नको, बॅटरीच वर आणा.

१. इग्निशन बंद करून आधी काळी (−) वायर सोडवा, मग लाल. उलट केलंत आणि पाना फ्रेमला टेकला की ठिणगी उडालीच. स्क्रू-नट लगेच डबीत टाका. टर्मिनलखालचा तो चौकोनी नट फार छळतो.
२. १२ व्होल्टचा ऑटोमॅटिक चार्जर महिन्यातून एकदा लावा. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर लगेच.
३. बसवताना आधी लाल, शेवटी काळी.

नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून फारसं काही साधत नाही.

चार्जिंग हवेशीर जागी करा, शेगडीजवळ अजिबात नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो.