मुलांना हिरोशिमाला नेताना

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हिरोशिमाला न्यावं का, असं ओळखीचे आईबाप मला विचारतात. जरूर न्या. फक्त संग्रहालयापासून सुरुवात करू नका. आधी बाहेरचं शांती उद्यान हिंडू द्या, मग आत जा, आणि आत कशापाशी किती थांबायचं ते मुलालाच ठरवू द्या.

तयारी घरी करायची. सादाको सासाकीची गोष्ट आधीच सांगून ठेवा. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तेव्हा वाचली, पण पुढे तिला ल्युकेमिया झाला आणि 1955 साली, बाराव्या वर्षी ती गेली. इस्पितळात ती कागदाचे सारस पक्षी घडत असे. तुम्हीही मुलांना घेऊन बसा आणि सारस घडा. माझी लेक जेवणं झाली की चौकोनी कागद घेऊन बसायची, आणि घड्या घालता घालता जे विचारायची ते एरवी कधीच विचारलं नसतं. ते सारस दोऱ्यात ओवून सोबत न्या. उद्यानातल्या मुलांच्या स्मारकाभोवती काचेची दालनं आहेत, तिथे अडकवता येतात.

स्टेशनवरून ट्राम घ्या आणि गेन्बाकु डोम-माए थांब्यावर उतरा. घुमट समोरच दिसतो. यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाची ही इमारत 1915 साली पुरी झाली. ‘आजूबाजूचं सगळं पडलं, मग हीच कशी राहिली?’ हे मूल विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी 8:15 वाजता बाँब सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला, आणि तोही जवळजवळ हिच्या डोक्यावर. दाब वरून खाली आला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. आतली माणसं मात्र सगळी गेली.

संग्रहालयाजवळची आओगिरीची झाडं चुकवू नका. स्फोटात होरपळूनही त्यांना पुन्हा पालवी फुटली. नंतर स्मृतिभवनात उतरा, प्रवेश मोफत आहे. जमिनीखालच्या गोल दालनाच्या भिंतीवर उद्ध्वस्त शहराचं चित्र आहे, सुमारे 1,40,000 फरशांचं. 1945 च्या अखेरीपर्यंत अंदाजे तितकी माणसं दगावली. एवढा आकडा मुलांना नुसता सांगून कळत नाही. भिंतीजवळ उभं करा, एक हातभर जागा मोजायला सांगा, मग सगळी भिंत बघू द्या.

संग्रहालयात सकाळी लवकर जा, नंतर शाळांच्या सहली येतात. मुख्य इमारतीत उजेड कमी आहे आणि वस्तू माणसांच्या आहेत. तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल आहे. वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणात पुरली होती. जळून कोळसा झालेल्या जेवणाचा एका विद्यार्थ्याचा डबा आहे. शक्यतो दोघं मोठे बरोबर असा, म्हणजे एकाला मुलासोबत केव्हाही बाहेर पडता येतं. आमची खूण ठरली होती: हात दोनदा दाबला की निघायचं, कारण विचारायचं नाही. लेक डब्यापाशी खूप वेळ थांबली आणि जखमांच्या फोटोंसमोरून खाली मान घालून गेली. ‘बघ, एवढ्या लांब आलोय ना’ असं कृपा करून म्हणू नका.

‘मग जपान चांगला की वाईट?’ हाही प्रश्न येतो, आणि तो टाळणं मला पटत नाही. जपानी सैन्याने चीनमध्ये काय केलं, 1941 साली पर्ल हार्बरवर हल्ला कोणी केला, हे वयाला झेपेल तसं सांगा. उद्यानात कोरियन बळींचंही स्मारक आहे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. तिथून सक्तीने मजुरीला आणलेले लोकही या बाँबने मेले. त्या स्मारकासमोर बोलणं सोपं जातं.

त्याच दिवशी दुपारी मियाजिमा बेट उरकायचा बेत बरेच जण करतात. मी तरी ते दुसऱ्या दिवशी ठेवेन. संध्याकाळ मोकळी सोडा, ‘काय शिकलीस?’ विचारू नका, मूल बोललं तर ऐका. आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो ट्राम परत कधी सुरू झाल्या, हा. उत्तर देण्यासारखं आहे: एका छोट्या टप्प्यावर 9 ऑगस्टलाच, म्हणजे तीन दिवसांत. त्या स्फोटातून वाचलेल्या 651 आणि 652 क्रमांकाच्या गाड्या अजून कधीकधी रुळांवर दिसतात. थांब्यावर उभे असताना मुलांना गाडीवरचे आकडे वाचायला सांगा.