मधुमेहाची गोळी नव्याने सुरू झाली आहे? ती मध्येच सुटू नये म्हणून काय करावं

डोकं दुखत असेल तर गोळी घेतल्यावर तासाभरात फरक कळतो. मधुमेहाच्या गोळीचं तसं नसतं. घेतली तरी काही जाणवत नाही, चुकवली तरी बऱ्याचदा काही जाणवत नाही. म्हणून ती सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 च्या अहवालात म्हटलं होतं की, विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. तेव्हा निव्वळ निर्धारावर विसंबू नका. पहिल्या तीन महिन्यांची नीट तजवीज करा.

1. डॉक्टरांच्या खोलीतून उठण्याआधी विचारा
गोळी जेवणाआधी, जेवताना की नंतर? एखादी वेळ चुकली तर काय करायचं? या गोळीने शुगर एकदम खाली जाऊ शकते का? उत्तरं चिठ्ठीवरच लिहून घ्या, घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या मात्र कधीही घेऊ नका.

2. गोळीची जागा ठरवा
रोज न चुकता होणाऱ्या कामाला ती जोडा. जेवणासोबतची असेल तर जेवायच्या टेबलावर, सकाळची असेल तर दात घासायच्या ब्रशजवळ. फक्त लहान मुलांचा हात पोहोचणार नाही, हे बघा. नवी स्ट्रिप आणली की मागच्या बाजूला पेनाने वार लिहा. 'आज घेतली का?' हा प्रश्न बुधवारचा कप्पा बघून सुटतो. आठवडाभर पुरतील एवढ्याच गोळ्या उरल्या की लगेच पुढची स्ट्रिप आणा. स्ट्रिप संपली आणि आणायची राहिली, एवढ्यावरूनही महिनाभराचा खंड पडतो.

3. पोटाला थोडा वेळ द्या
सुरुवातीला बहुधा मेटफॉर्मिन दिलं जातं. त्याने मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव असे त्रास होऊ शकतात आणि पुष्कळ जण इथेच गोळी सोडतात. खरं तर हे त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत कमी होतात. गोळी जेवणासोबत घ्या. तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा: कमी डोसपासून हळूहळू वाढवता येतो, किंवा औषध सावकाश सोडणारी गोळी देता येते. ही दुसरी गोळी फोडू किंवा चावू नका. कधीकधी तिचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं. ते बघून 'गोळी अंगाला लागलीच नाही' असं वाटतं, पण औषध तोवर शोषलं गेलेलं असतं.

4. शुगर उतरल्याची खूण ओळखा
नुसत्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनने मात्र होऊ शकतं, विशेषतः जेवण टळलं तर. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक. मोजल्यावर 70 च्या खाली आली तर 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. एकदा असं झालं की माणूस धास्तावतो आणि मनानेच गोळी बंद करतो. त्यापेक्षा डॉक्टरांना कळवा, डोस बदलता येतो.

5. रिपोर्ट चांगला आल्यावर जास्त सांभाळा
माझ्या मते सगळ्यात निसरडी जागा हीच. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. ती उतरली की 'आता कशाला गोळी?' असं वाटतंच. पण तो आकडा गोळी चालू असतानाचा आहे. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेलेच रुग्ण होते. सुरुवातीच्या काळात ज्यांची शुगर जास्त काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांना अभ्यास संपल्यानंतर दहा वर्षांनीही त्याचा फायदा दिसत होता, त्यांच्या आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातला शुगरचा फरक पुसला गेल्यावरसुद्धा.

वजन उतरलं, व्यायाम जमला तर काहींची गोळी कमी होते, बंदही होते. तशी इच्छा असेल तर मोकळेपणाने बोला. डॉक्टर डोस उतरवतील आणि पुन्हा तपासतील. गोळ्या चुकल्या असतील तर तेही लपवू नका. नाहीतर वाढलेला आकडा बघून डोस वाढवला जाईल.

6. आजारपणात फोन करा
उलट्या-जुलाब होऊन अन्नपाणी जात नसेल तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी काही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. इन्सुलिन मात्र 'आज जेवलोच नाही' म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावर थांबवलेली गोळी कधी सुरू करायची, हेही त्याच फोनवर विचारून ठेवा.